पेन्सिलचंच चित्र आण

सुमे, मासळी सुकवायच्या ड्रायरचं चित्र बघितलं. झकास आहे. पण खाली ‘अंदाजे खर्च ११,८५०’ वाचून हसूच आलं. अगं, पेन्सिलचं चित्र, आणि आकडा मात्र पन्नास रुपयांपर्यंत नेमका?

लोणेऱ्याला शिकत असताना मीही हेच केलं होतं. मासळीच्या टोपल्या वाळूवरून ओढायची गाडी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला किलोचा भाव काढला, वजनाने गुणलं, झाला हिशेब! कटिंग, वेल्डिंग, टेम्पोचं भाडं, काही धरलंच नाही. बिल अडीचपट आलं. बाबांनी जाळ्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि ते एक शब्द बोलले नाहीत. अजून खुपतं गं.

तुझे ट्रेच बघ. दोन बाय तीन फुटांचे सहा, चौकोनी पाइपचे. म्हणजे चोवीस कोपरे. प्रत्येक तिरपा कापायचा, वेल्ड करायचा, घासायचा. त्यापेक्षा आठ एमएमचा स्टेनलेस गज चार ठिकाणी वाकवून टोकं एका बाजूला जोडली तर? सहाच जोड. वर नायलॉनची जाळी बांध. वजनाला बांधकामाच्या साइटवरचं सूत्र चालतं: एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ०.४ किलो. ट्रेला तीन मीटर गज, सव्वा किलो धर. स्वस्त पडतं म्हणून साध्या लोखंडावर जाऊ नकोस. आपल्या खाऱ्या वाऱ्यात त्याचं काय होतं ते गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडला विचार.

आणि ‘क्षमता दुप्पट, खर्च दीडपट’ हे पुस्तकातलं गणित इथे लावू नकोस. ते थळच्या खत कारखान्यासारख्या मोठमोठ्या टाक्यांच्या प्लांटसाठी. तुझे ट्रे दुप्पट झाले की जोडही दुप्पट.

कॅडवर बसण्याआधी हेच पेन्सिलचं चित्र घेऊन वेल्डरकडे जा. ‘केवढ्याला पडेल?’ विचारलंस तर तो अंगावर येऊ नये म्हणून वाढवूनच सांगेल. ‘यात वेळ कुठे जाईल?’ असं विचार; मग तोच चित्रावर बोट ठेवून दाखवतो. आकडा ‘दहा ते पंधरा हजार’ असा लिही, शेजारी तारीख टाक.

त्याआधी आक्षीला जाऊन ये. बोंबील वाळत घालायच्या बांबू-दोरीवर वर्षाला किती रुपये जातात आणि अवकाळी पावसात किती माल सडतो, ते तिथल्या मावश्यांना विचार. तुझी मशीन त्या बांबूशी भांडणार आहे, बाई.

शनिवारी येतेस ना? आईने सोडे काढून ठेवलेत.