बोट लागण्याआधी

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात घरची सुट्टी कंपनीच्या शटडाऊनवर ठरते. पूर्वी त्या चार-पाच दिवसांत गावची जत्रा नाहीतर कोकण व्हायचं. आता बोनस हातात आला की क्रूझची चौकशी होते. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून लक्षद्वीपला क्रूझ जाऊ लागली आणि हा बेत आवाक्यात आला. मोशीत राहणारं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. नवरा चाकणला प्रेस शॉपमध्ये, पाळी बदलती, बीपीची गोळी दोन वर्षांपासून. बायको भोसरीत हिशेबाच्या कामावर, तिला भीमाशंकरच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. दोघांची पहिलीच बोट. कपड्यांची खरेदी महिनाभर आधी होते आणि डॉक्टरांकडे मात्र कुणी जात नाही. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी दवाखान्यात घालवलेली वीस मिनिटं या सहलीतली सगळ्यात फायद्याची वेळ असते.

कोकणातली जुनी माणसं ‘बोट लागली’ म्हणायची. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीकडे, गोव्याकडे बोटी जात, तेव्हाचा हा शब्द. या आजाराचं मूळ पोटात नसून कानात असतं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्यांतला द्रव शरीर हललं की हलतो. बंद केबिनमध्ये डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, कान मात्र सांगतो की आपण हलतोय. मेंदूकडे असे दोन उलटसुलट निरोप पोहोचले की तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, मळमळतं. घाटात गाडी चालवणाऱ्याला सहसा काही होत नाही, कारण पुढचं वळण त्याला दिसत असतं. बोटीवर त्याच कारणासाठी डेकवर येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहायचं. मोबाइल बघत पडून राहिलं तर त्रास वाढतो.

केबिन बुक करतानाच जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा. लाटेवर पुढचं आणि मागचं टोक जास्त वर-खाली होतं, मध्यावर हेलकावा कमी बसतो. सिनारिझिन किंवा मेक्लिझिनसारखी गोळी उलट्या सुरू झाल्यावर उपयोगी पडत नाही, ती बोटीत चढण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्यांच्यासोबत दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटले की बऱ्याच क्रूझ कंपन्या बोटीत घेतही नाहीत. पिशवीत आलेपाक जरूर ठेवा, आल्याने काहींना खरंच आराम पडतो.

कारखान्यातल्या माणसासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नाईट संपवून सकाळी थेट निगडीहून मुंबई गाठायची आणि दुपारी बोटीत चढायचं, हा बेत करू नका. जागरण झालेल्या शरीराला बोट लवकर लागते. आदली एक रात्र घरी झोप झालीच पाहिजे, त्यासाठी एक रजा जास्त गेली तरी चालेल.

बोटीवर जेवणाची चंगळ असते. हजारो माणसं तेच चमचे, तेच कठडे हाताळतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधल्या योकोहामा बंदरात थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोविड झाला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला पोहोचलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर पहिल्याच तपासणीत ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस तर क्रूझच्या पाचवीला पुजलेला. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलला तो नीट दाद देत नाही. जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. पोट बिघडलंच तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घालून घोट घोट प्या. पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा केला, एचए कॉलनीमुळे ते नाव इथे घराघरात आहे. पण विषाणूच्या जुलाबावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, भोवती उथळ खाजण आणि कडा. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या होडीत उतरवतात. खरी काळजी तिथे घ्यायची. होडी लाटेबरोबर फूट-दोन फूट वर येते, खाली जाते. दोन्ही हात मोकळे ठेवा, सामान पाठीवर, पायात मागे पट्टा असलेली सँडल. होडीवाल्याचे पंजे धरू नका, त्याचं मनगट तुमच्या हातात आणि तुमचं त्याच्या हातात असू द्या. होडी वर आली की तो सांगेल त्या क्षणी पाय टाका. गुडघे दुखणाऱ्याने संकोच न करता आधीच सांगून ठेवावं.

लक्षद्वीपमधलं कवरत्ती विषुववृत्तापासून साडेदहा अंशांवर आहे, पिंपरी साडेअठरा. तिथलं ऊन अधिक तिखट असतं. स्नॉर्केलिंग करताना पाणी गार लागतं आणि पाठ, पोटऱ्या कधी भाजल्या ते कळत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरा. बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्याने कातडी उन्हाला जास्त हळवी होते. आपल्या पाकिटावर ते नाव आहे का, डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करू नका. छातीत दुखतं, जिना चढताना दम लागतो, अशांनी तपासणीशिवाय स्नॉर्केलिंगचा मोह टाळावा. प्रवाळावर पाय कापला तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. शॉपवर हात कापला तेव्हा घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांच्या आतलं आहे ना, ते निघण्याआधीच बघा.

रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चार दिवसांच्या जास्त, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगा केबिनमध्ये कधीकधी रात्री उशिरा पोहोचतात. बोटीवर डॉक्टर असतो, पण बिल वेगळं लागतं. कंपनीचा मेडिक्लेम समुद्रावर चालतो का, हे एचआरला लेखी विचारा. बेटावर अवघड दुखणं आलं तर रुग्णाला कोचीला न्यावं लागतं.

परतल्यावर एक-दोन दिवस अनेकांना घरातली फरशीही डुलते आहे असं वाटतं. अंघोळीला डोळे मिटले की भिंत धरावी लागते. हे बहुधा आपोआप जातं. आठवडा उलटला तरी राहिलं तर दाखवा. पण तोल असा चुकत असताना दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला प्रेससमोर उभं राहणं धोक्याचं आहे. सुट्टीच्या अर्जात परतीनंतरचा एक दिवस आधीच धरा आणि डुलणं थांबलं नसेल, तर मशीनवर हात टाकण्यापूर्वी सुपरवायझरला सांगा.