ड्रमला माईक लावण्यापूर्वी



व्यवसायाने मी डॉक्टर. १९९२ साली मिरजेहून एम.बी.बी.एस. झालो आणि पुढे अमेरिकेत आलो. गेली काही वर्षे आपल्या गणेशोत्सवात साउंडच्या टेबलामागे बसतो. दिवसभर हृदयाचे ठोके ऐकणारा माणूस संध्याकाळी ड्रमचे ठोके का ऐकतो, असे बरेच जण थट्टेने विचारतात. आज त्याचे उत्तर देतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या मुलांच्या वाद्यवृंदाने मराठी गाण्यांचा कार्यक्रम केला. ड्रमसेटवर हायस्कूलमधला एक मुलगा होता. त्याच्या पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसमोर, म्हणजे किक ड्रमसमोर, मी आपला भजनाचाच माईक ठेवला. ठोका ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला. मग गाणारी मुलगी ऐकू येईना, म्हणून तिचा वाढवला. शेवटी सगळा हॉल घुमू लागला. पुढच्या रांगेतल्या आजी कानाचे यंत्र काढून बाहेर जाऊन बसल्या. नंतरच्या मीटिंगमध्ये सूचना आली, "पुढच्या वर्षी ड्रम नको." तो मुलगा मागे खुर्चीवर बसून ऐकत होता. चूक त्याची नव्हती, माझी होती. म्हणून मी एक वर्षाची मुदत मागितली आणि विद्यार्थी झालो.

दोन आवाज, एक ड्रम

स्टेथोस्कोपला दोन बाजू असतात. बेल हलकी टेकवली की खालच्या पट्टीतले मंद आवाज ऐकू येतात, डायफ्रॅम दाबून धरला की वरच्या पट्टीतले. किक ड्रममध्येही असेच दोन आवाज असतात. 'धम्म' हा साधारण ५० ते १०० हर्ट्झमधला, तो पोटात जाणवतो. 'टक्' हा चामड्यावर आपटणाऱ्या दांडीचा, २ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपासचा. त्यावरून कानाला ताल कळतो. या दोहोंच्या मध्ये, ३०० ते ५०० हर्ट्झच्या सुमारास, रिकाम्या खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज असतो. तोच गाणाऱ्याच्या गळ्यावर येऊन बसतो.

भजनाचा माईक माणसाच्या गळ्यासाठी बनवलेला असतो. श्युअरच्या सुप्रसिद्ध एसएम ५८ ची कक्षा ५० हर्ट्झपासून सुरू होते, पण तिथे तो बराच क्षीण असतो. त्यामुळे 'धम्म' हरवतो, खोके तेवढे उरते आणि आपण तेच खोके मोठे करत बसतो.

माईकचे प्रकार

पहिला प्रकार, मोठ्या पडद्याचा डायनॅमिक माईक. श्युअर बीटा ५२ए, एकेजी डी ११२, ऑडिक्स डी ६ ही त्यातली परिचित नावे. हे खालचे सूर नीट पकडतात, मधले खोके बरेचसे आपणहून कमी करतात आणि जोरदार ठोक्याने फाटत नाहीत. यांना वेगळी वीज लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे श्युअर बीटा ९१ए सारखा चपटा कंडेन्सर माईक. तो ड्रमच्या आत उशीवर ठेवतात. 'टक्' फार स्वच्छ देतो, पण त्याला मिक्सरमधून फँटम पॉवर लागते आणि वायर आत न्यायला ड्रमच्या पुढच्या चामड्याला भोक हवे.

मोठ्या कार्यक्रमात दोन्ही एकदम लावतात. तसे केल्यास एका माईकचे पोलॅरिटीचे बटण उलटसुलट करून पाहावे आणि ज्यात 'धम्म' भरीव येईल ते ठेवावे.

आम्ही बीटा ५२ए निवडला. स्वयंसेवक दरवर्षी बदलतात, त्यामुळे माईक कणखर आणि लावायला सोपा हवा होता. त्याची स्टँडची जोडणी अंगचीच आहे. मात्र आधी तो भाड्याने आणला आणि आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच स्पीकरवर ऐकला. दुकानात ऐकून माईक घेऊ नये.

आधी तपासणी, मग औषध

१. माईक लावण्यापूर्वी हॉलच्या शेवटच्या रांगेत उभे राहून नुसता ड्रम ऐका. लहान हॉलमध्ये पुष्कळदा माईक लागतच नाही.

२. चामडे नीट ताणलेले आहे का पाहा. आवाज फार घुमत असेल तर आत चामड्याला लागून एक छोटी उशी ठेवा. बिघडलेला ड्रम कोणताही माईक सुधारत नाही.

३. सबवूफर आहे का? स्टँडवरच्या छोट्या स्पीकरमधून 'धम्म' निघणार नाही, मग माईक कितीही भारी असो.

४. माईक आत दांडीजवळ नेला की 'टक्' वाढतो, भोकाकडे मागे आणला की 'धम्म' वाढतो. अगदी भोकाच्या तोंडावर हवेचा झोत बसतो, ती जागा टाळावी. भोक नसेल तर बाहेरून चार-सहा इंचांवर ठेवावा.

५. गायकांच्या माईकवर ८० ते १०० हर्ट्झखालचा आवाज कापा. नाहीतर ड्रम त्यांच्यातूनही शिरतो.

कानांची काळजी

आता थोडे डॉक्टर म्हणून. अमेरिकेतील 'नायॉश' ही संस्था कामगारांसाठी ८५ डेसिबल आवाजाला दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत राहिली तर कानांवर ताण पडला असे समजावे. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि कानाशेजारीच झांज वाजत असल्याने सर्वात जास्त धोका त्या ड्रम वाजवणाऱ्या मुलालाच असतो. पालकांनी त्याला इअरप्लग अवश्य घेऊन द्यावेत.

योग्य माईकचे काम आवाज मोठा करणे नाही, स्पष्ट करणे आहे. ठोका स्पष्ट असला की तो कमी आवाजातही पोचतो. पुढच्या वर्षी तोच मुलगा, तोच ड्रम आणि तोच हॉल होता, पण मिक्सरवरचा माझा हात बराच खाली होता. आजी शेवटच्या गाण्यापर्यंत बसल्या आणि निघताना त्याला म्हणाल्या, "बाळा, आज गाण्याचे शब्दसुद्धा कळले हो!"

यंदा टेबलामागे मदतीला दोन जण हवे आहेत. अनुभवाची अट नाही, ऐकण्याची तयारी हवी.

गणपती बाप्पा मोरया!