चित्रपतींचे अलंकार : एक वादविषय

दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे नाव घरात सहज काढून पाहा. आजोबा 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाची थोरवी सांगू लागतील, आई 'पिंजरा'तील लावणी गुणगुणेल, आणि तुमच्यापैकीच कोणी म्हणेल, "केवढा तो भडकपणा! केवढे ते हावभाव!" आमच्या मते ह्या वादात दोन्ही पक्षांपाशी काही सत्य आहे, परंतु 'मला आवडतो' व 'मला आवडत नाही' ह्यांच्यापुढे वाद सरकत नाही. तो पुढे कसा न्यावा, हे येथे पाहू.

शांतारामांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरात झाला. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी तेथेच 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापिली. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. तिच्या आवारात आज शासनाची चित्रपटशिक्षणसंस्था आहे. १९४२ साली प्रभात सोडून त्यांनी मुंबईस 'राजकमल कलामंदिर' उभारले. १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला, व १९९० साली ते निवर्तले. लोकांनी त्यांस 'चित्रपती' म्हटले.

त्यांच्यावरील मुख्य आक्षेप असा की, ते साधी गोष्ट साधेपणाने सांगत नाहीत. रंग, नृत्य, प्रतीके व मुद्राभिनय ह्यांची इतकी गर्दी होते की कथा गुदमरते. समर्थक उत्तर देतात की, चित्रपट ही पाहण्याची कला आहे. डोळ्यांना काही द्यावयाचे नसेल तर कादंबरीच का वाचू नये?

व्याकरणाच्या तासाला आपण अलंकार शिकतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने औचित्य हेच काव्याचे जीवित मानले. आपल्या गावच्या भाषेत सांगावयाचे, तर पोळ्याच्या दिवशी बैलावर झूल शोभते. नांगरटीच्या दिवशी तीच झूल बैलाला जाचते. झूल वाईट नव्हे, दिवस चुकला. म्हणून आम्ही एकच कसोटी सुचवितो : हा अलंकार काढून घेतला, तर काय हरवेल?

प्रथम १९३७ सालचा 'कुंकू' घ्या. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून तो रचिला आहे. फसवून एका वृद्धाच्या गळ्यात बांधलेली नीरा हा विवाह मनाने मान्य करीत नाही. ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातील व रस्त्यावरील स्वाभाविक आवाजच ऐकू येतात. भिंतीवरचे जुने घड्याळ त्या वृद्धाच्या सरत्या आयुष्याची खूण बनते, आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचेच अनेक चेहरे त्याला हसतात. तो आरसा काढून टाका. मग त्याच्या मनातील लाज दाखविण्यास लांबलचक भाषण लागेल. येथे अलंकार कथेचे काम करतो.

आता १९५९ सालचा 'नवरंग' पाहा. 'दो आँखें बारह हाथ'च्या चित्रणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांस इजा झाली होती. दृष्टी परत लाभल्यानंतर त्यांनी रंगांचा हा उत्सव मांडला. संध्याबाई होळीच्या नृत्यात स्त्री व पुरुष दोन्ही भूमिका एकट्याच करतात, आणि हत्तीही नाचतो! समर्थक म्हणेल, कथानायक कवी आहे व हे सारे त्याच्या कल्पनेतील आहे. कल्पना भरजरीच असावयाची. युक्तिवाद सबळ आहे. परंतु कवीच्या घरातील साधे प्रसंगही त्याच उंच स्वरात रंगविल्यामुळे कल्पना व संसार ह्यांतील अंतर पुसट होते. येथे झूल नांगरटीला घातली, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, मग 'संत तुकाराम'सारखा साधेपणाच का नको? प्रभातचाच तो १९३६ सालचा चित्रपट दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. निघोज्यातल्या आपणांस देहू काही परके नाही. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा पाहताना आपल्याच वाटेवरचा माणूस भेटल्यासारखे वाटते. पण नीट पाहा : तेथेही चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाचे विमानही आहे. ते खटकत नाही, कारण आधीचा संसार मातीचा, भाकरीचा आहे. साधेपणा म्हणजे अलंकारांचा अभाव नव्हे. ते केव्हा घालावे ह्याची जाण होय.

शेवटी १९७२ सालचा 'पिंजरा'. शिक्षक ह्या नात्याने तो आम्हांस अधिक झोंबतो. तमाशाचा फड गावाबाहेर घालविणारे आदर्श गुरुजी त्याच फडातील नर्तकीच्या मोहात पडतात. गाव त्यांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारते. आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा होत असता, लोकांचा आदर्श भंगू नये म्हणून ते गप्प राहतात. येथील लावण्यांचा झगमगाट अनाठायी म्हणता येणार नाही. मोहाचे बळ प्रेक्षकाला स्वतःला जाणवले पाहिजे, नाहीतर गुरुजींचे पतन खोटे वाटेल.

पण अलंकार सार्थ ठरला म्हणजे विचारही खरा ठरला, असे नाही. पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेस गेल्यास नारायणगाव लागते. यात्रांच्या हंगामात तमाशाच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. त्या फडांतील स्त्रिया कष्टाची भाकरी खातात. विठाबाई नारायणगावकरांस तर राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. नर्तकी म्हणजे मोहाचा पिंजरा, एवढेच घेऊन प्रेक्षक घरी गेला, तर तो त्यांच्यावर अन्याय होय. आणि पुतळा राहावा म्हणून सत्य गाडावे काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. खोट्या निर्मळपणावर उभा असलेला शिक्षक मुलांना अखेर काहीच शिकवीत नाही.

तेव्हा शांताराम थोर की भडक, असा सरसकट निवाडा मागू नका. एक प्रसंग निवडा, आईवडिलांसमवेत पाहा, प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आधी तुम्हीच मांडा, मग आपला सांगा. असा वाद घातलात, तर मत बदलो वा न बदलो, पुढचा चित्रपट तुम्ही अधिक उघड्या डोळ्यांनी पाहाल.