समीकरण वेगळं, रेषा तीच

प्रश्न : (२, ३) आणि (४, ७) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण मला य − ७ = २(क्ष − ४) असं मिळालं. पुस्तकात २क्ष − य − १ = ० आहे. माझं कुठे चुकलं?
– एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी

उत्तर : काहीही चुकलेलं नाही. कंस सोडव : य − ७ = २क्ष − ८. पदं एका बाजूला आण, पुस्तकातलंच उत्तर येईल. (२, ३) घेऊन सुरुवात केली असतीस तरी हेच आलं असतं. शंका आली की दोन्ही बिंदूंचे निर्देशक समीकरणात घालून पाहा. दोन्ही जुळले तर उत्तर बरोबरच, कारण दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते. परीक्षेत मात्र कोणतं रूप मागितलंय ते वाच.

एक जपायचं : (३, १) आणि (३, ५) असे बिंदू आले, तर चढ काढायला जाऊ नकोस, छेदात शून्य येतं. तिथे थेट लिही, क्ष = ३.