विल्यम कूपर यांचा अर्ज

ऑस्ट्रेलियात आदिवासी हजारो वर्षांपासून नांदत होते. परंतु देशाची लोकसंख्या मोजताना त्यांना वगळावे, असे गोऱ्यांनी १९०१ साली अमलात आणलेल्या राज्यघटनेत एक कलम होते. ज्यांची गणतीच नाही, त्यांचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

सत्तरी ओलांडलेले आदिवासी पुढारी विल्यम कूपर यांनी इंग्लंडच्या राजाच्या नावे अर्ज लिहिला. आपल्या लोकांच्या वतीने बोलणारा एक सभासद संसदेत असावा, असे त्यांचे एक मागणे होते. अर्जावर १,८१४ सह्या झाल्या. १९३७ साली तो सरकारच्या हाती दिला. सरकारने तो राजाकडे धाडलाच नाही.

१९४१ साली कूपर निवर्तले. त्यांची मागणी मात्र जिवंत राहिली. १९६७ साली जनतेच्या कौलाने ते कलम रद्द झाले. १९७१ साली नेव्हिल बॉनर हे संसदेत बसणारे पहिले आदिवासी ठरले. राजापर्यंत न पोहोचलेल्या अर्जाला उत्तर मिळण्यास ३४ वर्षे लागली.