एन२० इंजिन: घेण्याआधी कान लावा

बीएमडब्ल्यूचे एन२० हे १,९९७ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन २०११मध्ये आले आणि कंपनीच्या नावाजलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी बसले. बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ९०.१, ट्विन-स्क्रोल टर्बो आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोलची फवारणी. ३२८आयमध्ये ते २४५ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तोही १,२५० आरपीएमपासून. कागदावर खोट काढायला जागा नाही.

दुखणे टायमिंग चेनपाशी आहे. चेन पोलादी, पण तिला जागेवर धरणारे गाइड प्लास्टिकचे. वर्षानुवर्षे तापून-निवून ते प्लास्टिक ठिसूळ होते. हात पोळलेले मालक सांगतात ते दृश्य सारखेच असते: ऑइल चेंबर उघडला की ऑइलच्या गाळात नखाएवढे तपकिरी तुकडे. हे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले की ऑइल वर चढत नाही. चेन सैल होऊन दात सुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग इंजिनच बदलावे लागते. ऑइल पंप फिरवणारी छोटी चेनही कुरकुरते. ॲक्सिलरेटर दाबत नेला की शिट्टीसारखा बारीक आवाज चढत जातो. गाडी दाखवणारे म्युझिक सिस्टिम चालू का ठेवतात, याचे हेही एक कारण असावे. २०१५च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या इंजिनांत हा धोका अधिक. अमेरिकेत कंपनीला या भागांची वॉरंटी ७ वर्षे किंवा ७०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली.

बाकी तक्रारी किरकोळ: ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट पाझरते, विजेवर चालणारा कूलंट पंप अचानक बंद पडतो. डिपस्टिक मात्र नाहीच. ऑइलची पातळी स्क्रीनवर दिसते, त्यामुळे बोनेट उघडण्याची सवय मोडते.

सेकंडहँड गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी थंड इंजिनावर सुरू करून ऐकावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. ऑइल भरण्याचे झाकण काढून टॉर्च मारली की वरचा गाइड थोडा दिसतो; तडा असेल तर तिथेच व्यवहार थांबवावा. स्क्रीन सांगेल तेव्हा नव्हे, तर दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. २०१५पूर्वीची गाडी असेल, तर चेन आणि गाइड बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.