काळ्या जमिनीचे ढेकूळ

नांदुऱ्याहून उत्तरेस पूर्णा नदीच्या बाजूस जाऊ लागले म्हणजे जमीन सपाट व काळीभोर होत जाते, आणि परका मनुष्य ती पाहून म्हणतो की, येथील शेतकऱ्यास काय कमी आहे? परंतु त्याच शिवारातील विहिरीचे पाणी त्याने तोंडात घेतले तर ते थुंकून टाकावे लागते. ह्या प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात, आणि तो बुलढाणा, अकोला व अमरावती ह्या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांस पसरलेला आहे. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबे शेतावर किंवा शेतमजुरीवर जगतात. सबब जमिनीवर काय उगवते, काय उरते व कोणते पाणी सोडले जाते ह्यावरून तिचा पोत कसा बनतो किंवा बिघडतो, हे ह्या पाठात सांगावयाचे योजिले आहे.

पाठाचा आरंभ प्रयोगाने करावा. उपदेशक बंधूंनी संध्याकाळी लोक जमल्यावर तो सर्वांसमक्ष केल्यास अधिक बरे. दोन स्वच्छ काचेचे पेले घ्यावेत व त्यांत साठविलेले पावसाचे पाणी भरावे. विहिरीचे पाणी चालणार नाही. त्याचे कारण पुढे येईल. एका पेल्यात बांधावरच्या बाभळीखालचे किंवा गवताळ पडिताचे, सुपारीएवढे, पूर्ण वाळलेले ढेकूळ हलकेच सोडावे. दुसऱ्यात, पुष्कळ वर्षे कपाशी पेरलेल्या व बोअरच्या पाण्याने भिजविलेल्या शेतातले सोडावे. ढवळू नये. पेले दोन तास तसेच ठेवावेत.

ढेकूळ फुटून त्याचा भुगा तळाशी बसला, परंतु पाणी निवळ राहिले, तर भिण्याचे कारण नाही. मात्र ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरू लागला तर जमीन बिघडली आहे असे समजावे. त्या ढगात चिकण मातीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते एकमेकांस सोडून पाण्यात तरंगू लागलेले असतात. शेतात हेच घडते तेव्हा सुटलेले कण जमिनीची छिद्रे बुजवितात, पाणी वर तुंबते, खाली मुरत नाही, मुळांस हवा मिळत नाही, आणि ऊन पडले की वरचे कवच असे कठीण होते की उगवणारा कोंब ते फोडू शकत नाही.

हे कण एरवी कोण धरून ठेवते? एक तर चुन्यातला अंश, ज्यास शास्त्रज्ञ कॅल्शियम म्हणतात; आणि दुसरा, कुजलेल्या पाल्याचा व मुळांचा चिकटा. मिठातला जो अंश आहे, ज्यास सोडियम म्हणतात, तो ह्याच्या उलट काम करितो. तो चिकण कणांवर बसला की ते परस्परांपासून दूर होतात. आता पूर्णेच्या खोऱ्यात चुना कमी आहे असे मुळीच नाही. नांगराबरोबर पांढरे खडे वर येतात ते चुनखडीचेच होत. येथे पाऊस वर्षास सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. पुढे आठ महिने जमीन तापते व वाळते. वाळताना जमिनीतील पाण्यात विरघळलेला चुना खडा होऊन बसतो, आणि कणांवरची त्याची जागा सोडियम घेतो. जमीन सपाट, गाळाचा थर फार खोल, व माती अशी की भिजली म्हणजे फुगून स्वतःचीच वाट बंद करिते. ह्यामुळे मीठ धुऊन जाण्यासही मार्ग राहत नाही. म्हणजे औषध शेतातच पुरलेले आहे, परंतु ते गोठून पडल्यामुळे रोग्यास लागू होत नाही.

येथे बोअरचा प्रश्न येतो, आणि ह्याविषयी आम्ही जरा विस्ताराने लिहितो, कारण कर्ज काढून बोअर घेण्याचा विचार करणारी घरे आम्हास ठाऊक आहेत. खाऱ्या पाण्यावर पहिला हरभरा बहुधा येतो. शेजारी पाहावयास येतात, व आणखी दोघे बोअर घेतात. ह्यात फसवणूक अशी आहे की, पाणी जोवर खारे असते तोवर त्यातले मीठच चिकण कणांस एकत्र दाबून ठेविते. (म्हणूनच प्रयोगास विहिरीचे पाणी घेऊ नये असे वर सांगितले.) परंतु तेवढ्या अवधीत सोडियम कणांवर जाऊन बसलेला असतो. पुढे मृगाचा गोडा पाऊस पडतो, वरचे मीठ धुतले जाते, आणि ज्या पावसाची वाट पाहिली त्याच पावसाने जमीन दुधाळ होऊन मिटते. शेतकरी म्हणतो, यंदा पाऊस वाईट झाला. पाऊस वाईट नव्हता. असे आम्ही एकाहून अधिक शिवारांत पाहिले आहे, व त्या शेतांत दुसरे-तिसरे वर्ष उलटल्यावर वखरही धड लागेना.

ह्यावर जिप्सम घालावे असे शेतकीचे जाणते लोक सांगतात, व ते बरोबर आहे. जिप्सममध्ये विरघळणारा कॅल्शियम असतो व तो सोडियमला हुसकून लावितो. परंतु हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जाण्यास चर पाहिजे, आणि जिप्समला पैसा पाहिजे. गरिबाचे जिप्सम म्हणजे मुळे होत. जिवंत मुळे व कुजणारा पाला ह्यांतून जो वायू सुटतो तो जमिनीतील ओलीत मिसळून सौम्य आंबटपणा उत्पन्न करितो, व त्या आंबटपणाने चुनखडी हळूहळू विरघळते. जे औषध गोठून पडले होते ते असे सुटते. बाभळीखालचे ढेकूळ पेल्यात टिकून राहते त्याचे निम्मे रहस्य हे आहे. उरलेले निम्मे म्हणजे पाल्याचा चिकटा.

ह्या कामी धैंच्यासारखे दुसरे पीक आम्हास माहीत नाही. तो खार सोसतो, पाणी तुंबले तरी मरत नाही, व त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते. पहिल्या पावसावर पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, कोवळा असतानाच, जमिनीत गाडावा व मग हरभरा पेरावा. कोणी म्हणेल की, मुगाचे पीक बुडाले त्याचे काय? ही हरकत खरी आहे, आणि दोन एकरांच्या धन्यास सगळे शेत एकदम धैंच्यास द्या असे सांगणे निर्दयपणाचे होईल. चौथा हिस्सा दरवर्षी द्यावा. जमीन बरी असेल तेथे बोरूही चालतो, आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला शेतात टाकिला तर पेरणीची जागाही अडत नाही.

थंड देशांत गळलेला पाला वर्षानुवर्षे जमिनीवर पडून राहतो. आमच्या उष्ण देशात ओल व उष्णता एकत्र आली की तो काही महिन्यांतच कुजून हवेत विरतो. त्यामुळे येथे एकदा घातलेले खत पिढीला पुरत नाही. दरवर्षी घालावे लागते. जुन्या लोकांस ह्याची व्यवस्था फारशी करावी लागत नसे, कारण ती पिकांतच होती. ज्वारीचा कडबा गुरे खात, गुरांचे शेण शेतात जाई, आणि तुरीचा पाला गळून आपोआप जमिनीवर पडे. कापसाचा लोभ वऱ्हाडास जुनाच आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले तेव्हा येथील कापसास अपूर्व भाव आला. पुढे १८७० साली खामगावास आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. तरीही त्या काळी कपाशीशेजारी ज्वारी उभी असे. अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली, कडबा आटला, दावणी रिकाम्या झाल्या, व आता शेणखत विकत घ्यावे लागते.

राहिली पऱ्हाटी. ती शेतातच रचून पेटवून देण्याची चाल पडली आहे. बोंडअळीच्या भयाने असे करितात, आणि ते भय खोटे नाही. पऱ्हाटीचे ढीग पुढील हंगामापर्यंत बांधावर ठेवणे घातकच आहे. परंतु जाळणे हा एकच उपाय नव्हे. इंदूरची जमीन आपल्यासारखीच काळी आहे. तेथे आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत संशोधन करीत होते. त्यांनी पऱ्हाटी व तुराट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडविल्या, मग गुरांखाली अंथरल्या, आणि शेण, राख व मूत्राने भिजलेली माती ह्यांच्या थरांत घालून सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत केले. १९३१ साली ह्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डांबरोबर यशवंत वाड ह्यांचेही नाव आहे. लोक पहिले नाव सांगतात व दुसरे विसरतात. आज पऱ्हाटीचा चुरा करणारी यंत्रे भाड्याने मिळतात. चाकांची गरज नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. ज्या मजूर बायांची चूल पऱ्हाटीवर पेटते त्यांची मोळी अडवून खत करणे आम्हास योग्य वाटत नाही. शेतातच जी जळून जाते तिच्याविषयी आम्ही बोलत आहो.

पाण्याविषयी थोडे राहिले. खारपाणपट्ट्यात पिकास देण्यासारखे भरवशाचे पाणी पावसाचे, म्हणून शेततळे हे बोअरहून पुष्कळ बरे. आमच्याच तालुक्यात जिगाव येथे पूर्णेवर धरणाचे काम हाती घेतलेले आहे. पाटाचे गोडे पाणी शेतात येईल तेव्हाही निचऱ्याचे चर आधी पाहिजेत. नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला, पाणी गोडेच होते, तरी पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातील कित्येक मळे मिठाने पांढरे पडले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरोल्ड मान व ताम्हणे ह्यांनी त्याची चौकशी करून लिहून ठेविले आहे.

ज्यांनी बोअर घेतलेच आहे त्यांनी पेरणीपूर्वी पाणी तपासून घ्यावे. जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे विचारपूस करावी. पंप निदान अर्धा तास चालू ठेवून मग पाणी घ्यावे. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे, व वर चिठ्ठी चिकटवून गाव, शेताचा गट क्रमांक आणि पाणी घेतल्याची तारीख शाईने लिहावी. जमीन तपासावयाची असल्यास वरच्या वीतभर थराची माती व दोन फूट खालची माती निरनिराळ्या पिशव्यांत न्यावी. वरची बरी निघाली म्हणून खालची बरी असेलच असे नाही, आणि ह्या पट्ट्यात खोटी बहुधा खालचीच असते.